चित्रसंवाद : काचेच्या या बाजूला

गेल्या अंकात आम्ही वाचकांना शहरातील एकटेपणा आणि चित्रकला या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. काही पत्रे फारच व्यक्तिगत असल्यामुळे सर्वच पत्रलेखकांची नावे वगळली असून केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

*

प्रश्न : गेल्या वर्षी मुलाकडे शिकागोला गेले होते. तेथील आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर यांचे ‘नाइटहॉक्स’ हे चित्र पाहिले. रात्रीच्या वेळी उघडे असलेले एक उपाहारगृह, आत चार माणसे आणि बाहेर ओस रस्ता, एवढेच त्या चित्रात आहे. कोणी रडत नाही, कोणाच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नाही. तरीही पाहता पाहता माझा घसा दाटून आला. मुलगा म्हणाला, “आई, ती माणसे नुसती कॉफी पीत बसली आहेत.” त्याचेही खरेच होते. मग मला असे का व्हावे?
– डोंबिवली

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे खरे आहे आणि आपला दाटून आलेला घसाही खरा आहे. या दोन्हींचा मेळ कसा बसतो, हे त्या चित्राच्या बांधणीतच सापडते. त्यासाठी माणसांचे चेहरे बाजूला ठेवून आपण स्वतः त्या चित्रासमोर कोठे उभ्या होतात, याचा आधी विचार करावा लागेल.

चित्र फार मोठे नाही. ते सुमारे पावणेतीन फूट उंच आणि पाच फूट रुंद आहे. ही आडवी, पसरट चौकट आपल्याला रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावर आणून उभी करते. समोर कोपऱ्यावर काचेचे उपाहारगृह आहे. आत पांढऱ्या गणवेशातला नोकर खाली वाकून काही करतो आहे, हॅट घातलेला एक पुरुष आणि लाल पोशाखातील एक स्त्री शेजारी शेजारी बसली आहेत, आणि चौथा माणूस आपल्याकडे पाठ करून बसला आहे. काउंटरवर मीठ-मिरपुडीच्या बाटल्या आहेत, मागे कॉफीची दोन चकचकीत मोठी भांडी आहेत. आता आत जायचे झाले तर कोठून जाल, हे शोधून पाहा. रस्त्यावरून आत जाण्याचे दार चित्रात कोठेही दिसत नाही. आतल्या भिंतीत एक दार आहे, पण ते बहुधा स्वयंपाकघरात जाणारे असावे. म्हणजे आपल्यापुढे आहे ती उजळलेली काच, आणि त्या काचेच्या या बाजूला, अंधारात, आपण. घसा दाटला तो आतल्या चौघांच्या दुःखाने नसून बाहेर राहिलेल्या पाचव्या माणसामुळे, असे मला वाटते. आणि तो पाचवा माणूस म्हणजे हे चित्र पाहणारा प्रत्येक जण.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. उपाहारगृहातला हा ट्यूबलाइटचा प्रकाश 1942 च्या सुमारास अमेरिकेत नवा होता. दुकानांतून तो येऊ लागून जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती. दिव्याच्या किंवा चुलीच्या उजेडात माणसे एकमेकांजवळ सरकतात, कारण त्या उजेडाला केंद्र असते आणि कडेला अंधार असतो. या नव्या उजेडाला केंद्र नाही. तो सगळ्यांवर सारखाच पडतो, कोणालाही जवळ घेत नाही, आणि वर हिरवट छटा घेऊन बाहेरच्या पदपथावर सांडतो. त्या जोडप्याचे हात काउंटरवर अगदी जवळ आहेत. मात्र ते एकमेकांना लागले आहेत की नाहीत, हे कितीही निरखले तरी ठरवता येत नाही. हॉपर यांनी ते ठरवू दिलेलेच नाही. माझ्या मते या चित्रातील सर्वांत कठीण रंगकाम त्या अर्ध्या इंचात आहे.

काळही लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर जपानचा हल्ला 7 डिसेंबर 1941 रोजी झाला आणि हे चित्र 1942 च्या जानेवारीत पुरे झाले. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा विमानहल्ल्याच्या भीतीने दिवे झाकण्याचे सराव चालू होते. ज्या शहराला अंधारात लपायला सांगितले जात होते, त्या शहरातील एक कोपरा हॉपर यांनी रात्रभर उजळलेला दाखवला. त्याच वर्षी आर्ट इन्स्टिट्यूटने ते चित्र 3,000 डॉलरना विकत घेतले आणि तेव्हापासून ते शिकागोचे झाले.

हॉपर स्वतः मात्र या चर्चेला कंटाळत असत. एकटेपणाचे फार स्तोम माजवले जाते, अशी त्यांची तक्रार होती. एका मुलाखतीत ‘नाइटहॉक्स’ आपल्याला विशेष एकाकी वाटत नाही, असे सांगून झाल्यावर पुढे त्यांनी एवढे मान्य केले की, एका मोठ्या शहराचा एकटेपणा आपण बहुधा नकळत रंगवला असावा. या ‘नकळत’ शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. ठरवून रंगवलेला एकटेपणा पाहणाऱ्याला लगेच ओळखू येतो, आणि ओळखू आला की तो परका होतो.

एक सुचवावेसे वाटते. हॉपर यांचे 1927 मधले ‘ऑटोमॅट’ हे चित्र पुस्तकात किंवा मोबाइलवर जरूर पाहा. ते मूळ आयोवा राज्यातील डे मॉइन येथे आहे. ऑटोमॅट म्हणजे वाढपी नसलेले उपाहारगृह. भिंतीतल्या खणात नाणे टाकायचे, छोटे काचेचे दार उघडायचे आणि खाद्यपदार्थ घ्यायचा. कोणाशी एक शब्द बोलण्याची गरज नाही. तेथे एक तरुणी कॉफीचा कप घेऊन बसली आहे. तिच्या एका हातात हातमोजा आहे, दुसरा तिने काढला आहे, म्हणजे ती नुकतीच आली असेल किंवा निघण्याच्या बेतात असेल. तिच्या मागे मोठी खिडकी आहे आणि त्या खिडकीतून रस्ता दिसायला हवा. पण दिसते ती केवळ काळोखी काच आणि तीत दूरवर पळत गेलेल्या छतावरच्या दिव्यांच्या दोन रांगा. शहर बाहेर आहे, हे ठाऊक असूनही ते दिसत नाही. मला स्वतःला हे चित्र ‘नाइटहॉक्स’हून अधिक खोल वाटते, कारण येथे प्रेक्षकाला काचेच्या आत, समोरच्या टेबलाशी जागा दिलेली आहे आणि तरीही त्या मुलीशी बोलण्याचा धीर होत नाही.

*

प्रश्न : मी चित्रकला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. ‘एकटेपणा’ या विषयावर मी चित्र केले : गुडघ्यांत डोके घालून बसलेला तरुण, मागे उंच इमारती, सगळे निळ्या-काळ्या रंगांत. आमचे सर म्हणाले, “हे भित्तिपत्रक झाले, चित्र झाले नाही.” मला वाईट वाटले, कारण मी सातारा जिल्ह्यातून येऊन येथे खोली घेऊन राहतो आणि हे चित्र माझ्या अनुभवातून आले आहे.
– पुणे

उत्तर : अनुभव खरा आहे याबद्दल मला शंका नाही. सरांचे शब्द कठोर असले, तरी त्यांनी दाखवलेली अडचणही खरी आहे. गुडघ्यांत डोके घातलेली आकृती ही एकटेपणाची खूण झाली आहे. रेल्वे स्थानकावरील पाट्यांवर असते तशी. खूण वाचली की डोळा पुढे निघून जातो. चित्राचे काम डोळ्याला थांबवण्याचे असते.

मी आपल्याला एक उलटा अभ्यास देतो. एकही मान झुकलेली नसेल, निळा रंग नसेल आणि रिकामी जागाही नसेल, असे एकटेपणाचे चित्र करून पाहा. हे शक्य आहे. जॉर्ज टूकर या अमेरिकन चित्रकाराने 1950 मध्ये ‘सबवे’ हे चित्र अंड्याच्या बलकात खललेल्या रंगांनी केले. भुयारी रेल्वेच्या स्थानकात लाल पोशाखातील एक स्त्री उभी आहे, भोवती कोट घातलेली माणसेच माणसे आहेत, काही जण भिंतीतल्या अरुंद कप्प्यांत उभे आहेत. जाळ्या, जिने आणि बोगदे सगळीकडे फुटलेले आहेत, पण वाट म्हणावी अशी एकही नाही. यथार्थदर्शनाच्या, म्हणजे चित्रात खोली आणि अंतर दाखवणाऱ्या, रेषाच तेथे तुरुंगाचे काम करतात. चित्रात जागा रिकामी अशी फारशी नाही. तरीही ती स्त्री ज्या भीतीने पाहते आहे, ती आपल्या मानेपर्यंत पोहोचते.

त्याहून जुने उदाहरण नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांचे. त्यांच्या 1892 मधल्या ‘कार्ल योहान रस्त्यावरील संध्याकाळ’ या चित्रात क्रिस्तियानियातील, म्हणजे आजच्या ओस्लोतील, प्रतिष्ठित माणसांचा लोंढा उंच टोप्या घालून थेट आपल्या अंगावर चालून येतो. चेहरे फिकट, डोळे विस्फारलेले. उजवीकडे रस्त्याच्या मधोमध एक काळी आकृती उलट दिशेने, आपल्याकडे पाठ करून निघाली आहे. सगळे एका दिशेला आणि एक जण दुसऱ्या दिशेला, एवढ्या एका निर्णयावर ते सारे चित्र उभे आहे. त्या आकृतीचा चेहरा दिसत नाही. तो रंगवण्याची मुंक यांना गरजच पडली नाही.

आता आपल्या खोलीकडे या. ती कशी आहे, हे आपण पत्रात लिहिलेले नाही, आणि मला वाटते चित्रातही ते राहून गेले. खोलीत किती जण राहता? खाट कोणत्या भिंतीला लागून आहे? गावाकडून आणलेला डबा कोठे ठेवता? रात्री परतल्यावर पहिला दिवा कोणता लावता आणि त्या दिव्याचा उजेड कोठपर्यंत पोहोचतो? महिनाभर रोज एक रेखाटन करा, त्यात स्वतःला काढू नका. शेजारच्या खाटेवर झोपलेल्या मित्राचे पाय, दोरीवरचे कपडे, चार्जरला लावलेला मोबाइल, बंद दाराखालून येणारी उजेडाची फट, असे जे दिसेल ते काढा. तीस रेखाटने झाली की त्यांतील एखाद्यात आपण ज्याला एकटेपणा म्हणता ते सापडेल, आणि ते बहुधा आपल्याला अपेक्षित नसलेल्या कोपऱ्यात असेल. त्यावर मोठे चित्र करा आणि सरांना पुन्हा दाखवा.

*

प्रश्न : हॉपर स्वतः एकाकी होते का? अशी चित्रे काढणाऱ्याला एकाकी असावेच लागते का?
– नाशिक

उत्तर : हॉपर मितभाषी होते, पण एकटे राहत नव्हते. त्यांचा जन्म 1882 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नायक या गावी झाला. 1913 मध्ये त्यांचे एक तैलचित्र विकले गेले आणि त्यानंतर दहा वर्षे एकही चित्र विकले गेले नाही. या काळात ते मासिकांसाठी आणि जाहिरातींसाठी चित्रे काढून पोट भरत होते आणि ते काम त्यांना मनापासून आवडत नसे. 1924 मध्ये त्यांनी जोसेफिन निव्हिसन या चित्रकर्तीशी विवाह केला. त्याच्या आदल्या वर्षी ब्रुकलिन संग्रहालयातील प्रदर्शनात हॉपर यांची जलरंगचित्रे घ्यावीत, अशी शिफारस तिनेच केली होती आणि तेथूनच त्यांचे नशीब पालटले. पुढे चार दशकांहून अधिक काळ ती दोघे वॉशिंग्टन चौकातील एकाच घरात राहिली आणि तेथेच 1967 मध्ये हॉपर यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षभराच्या आतच जोसेफिनही गेली.

हॉपर यांच्या चित्रांतील बहुतेक स्त्रियांसाठी तीच बसत असे. ‘नाइटहॉक्स’मधली लाल पोशाखातली स्त्री तीच. 1952 मधल्या ‘मॉर्निंग सन’ या चित्रात पलंगावर बसून खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या उन्हाकडे पाहणारी स्त्रीही तीच, आणि तेव्हा ती सत्तरीच्या उंबरठ्यावर होती. प्रत्येक चित्राची नोंद, त्यातील रंगांचे वर्णन, विक्रीची किंमत हे सारे ती वह्यांत लिहून ठेवत असे. तिच्या स्वतःच्या चित्रांकडे मात्र फार काळ कोणीच पाहिले नाही. त्यांच्यात भांडणे पुष्कळ होत आणि तिने आपल्या रोजनिशीत ती लिहूनही ठेवली आहेत.

तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, चित्रकाराने एकाकी असण्याची अट नाही; मात्र शेजारी बसलेल्या माणसापर्यंत आपण पोहोचत नाही, हे कधीतरी स्वतःच्या घरात जाणवलेले असावे लागते. हॉपर यांचे 1932 मधले ‘रूम इन न्यूयॉर्क’ हे चित्र पाहा. नवरा वर्तमानपत्रात बुडालेला आहे, बायको पाठ वळवून पियानोची एकच पट्टी एका बोटाने दाबते आहे आणि आपण हे खिडकीबाहेरून पाहतो आहोत. मध्ये टेबल आहे आणि बंद दार आहे. त्या एका सुराचा आवाज मला दर वेळी ऐकू येतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तो ऐकू आला असेल का, याचे उत्तर चित्र देत नाही.

*

प्रश्न : हॉपर यांची चित्रे मला आवडतात, पण ती आपली वाटत नाहीत. मुंबईत रिकामे उपाहारगृह कोठे आहे? आम्ही लोकलमध्ये दुसऱ्याच्या श्वासाइतक्या अंतरावर उभे असतो. आपल्या चित्रकारांनी आपल्या शहराचा एकटेपणा रंगवला आहे का?
– ठाणे

उत्तर : हा प्रश्न ठाण्याहून यावा, याचा मला विशेष आनंद झाला, कारण त्याचे सर्वांत मोठे उत्तर आपल्याच गावात घडले आहे.

आधी हॉपर यांच्या बाजूने एक शब्द. त्यांच्या 1940 मधल्या ‘ऑफिस ॲट नाइट’ या चित्राची कल्पना त्यांना न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेतून रात्रीचा प्रवास करताना सुचली. गाडी इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून जाई आणि उजळलेल्या कचेऱ्यांची आतली दृश्ये क्षणभर दिसून मागे पडत. जे. जे. उड्डाणपुलावरून संध्याकाळी भायखळ्याकडे जाताना मोहम्मद अली रस्त्यावरच्या घरांत आपली नजर अशीच शिरते. कोणी पोळ्या लाटत असते, कोणी भिंतीशी टेकून दूरचित्रवाणी पाहत असते, आणि आपण बघितले हे त्यांना कळायच्या आत घर मागे गेलेले असते. ही क्षणभराची ओळख, जी पुढे कधीच वाढणार नाही, ती न्यूयॉर्कइतकीच मुंबईचीही आहे.

परंतु आपला मुख्य मुद्दा मला मान्य आहे. हॉपर यांच्या शहरात एकटेपणा जागा मोकळी असल्यामुळे दिसतो. आपल्याकडे मोकळी जागा हीच चैन आहे. एका खोलीत सहा माणसे राहतात, त्या घरातील मुलगी मैत्रिणीशी बोलायला जिन्यात येऊन उभी राहते आणि तेथेही शेजारच्या काकू हजर असतात. येथे माणूस एकटा असतो तो एकांत मिळत नसल्यामुळे, आणि ही गोष्ट चित्रात आणायची तर हॉपर यांची काच कामाला येत नाही.

सुधीर पटवर्धन यांनी ती वेगळ्या रीतीने आणली. 1949 मध्ये पुण्यात जन्मलेले पटवर्धन सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, 1973 मध्ये मुंबईस आले आणि 1975 पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. दिवसा माणसांच्या हाडांच्या सावल्या पाहायच्या आणि उरलेल्या वेळात त्याच माणसांचे देह रंगवायचे, असा हा दुहेरी संसार होता. त्यांच्या सत्तरच्या दशकातील चित्रांत कष्टकरी माणूस अगदी पुढ्यात येतो. त्याचा देह जड, थकलेला आणि भरीव असतो. तो चौकट भरून टाकतो. 1977 मधले त्यांचे ‘इराणी रेस्टॉरंट’ हे चित्र ‘नाइटहॉक्स’च्या शेजारी मनात ठेवून पाहावे. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलाशी अनोळखी माणूस आपल्यासमोर येऊन बसतो, चहा पितो आणि उठून जातो; कोणी कोणाला नाव विचारत नाही. काचेबाहेर राहण्याची सोयच तेथे नाही. माणूस हाताच्या अंतरावर आहे आणि तरीही अनोळखी आहे, हा आपला अनुभव आहे.

पुढे त्यांची नजर मागे सरकत गेली आणि चित्रांत पूल, रूळ, चाळी, नाले, झोपड्या, टेकड्यांवर चढत गेलेल्या वस्त्या येऊ लागल्या. 1981 मधल्या ‘ॲक्सिडेंट ऑन मे डे’चे नावच बघा. कामगारांच्या एकजुटीचा दिवस आणि एका माणसाचा अपघात, ही दोन टोके त्यांनी एका ओळीत बांधली. 2001 मधल्या ‘लोअर परळ’मध्ये गिरणगावाचे रूप पालटताना दिसते. कापडगिरणी कामगारांचा 1982 चा संप ज्या वस्तीने पाहिला, तेथे भोंग्याने अख्खी आळी एका वेळी उठत असे आणि एका वेळी कामावर जात असे. गिरण्या गेल्या तेव्हा पगाराबरोबर ही सामाईक वेळही गेली. माणसे त्याच खोल्यांत राहिली, पण प्रत्येकाचे घड्याळ वेगळे झाले. शहरी एकटेपणाचे याहून नेमके कारण मला सुचत नाही, आणि त्याचा उल्लेख फार क्वचित होतो.

पटवर्धन हे काम एकटे करत नव्हते. 1981 मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबई आणि दिल्ली येथे भरले आणि त्यात त्यांच्याबरोबर भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम आणि जोगेन चौधरी होते. अमूर्त चित्रांचा तेव्हा मोठा मान होता. त्या काळात या सहा जणांनी चित्रात माणसाला आणि त्याच्या वस्तीला पुन्हा हक्काची जागा मागितली. खख्खर मूळचे मुंबईचे, व्यवसायाने हिशेबतपासनीस, पुढे बडोद्यात स्थायिक झाले. त्यांच्या 1975 मधल्या ‘प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ घेतलेला माणूस’ या चित्रात एक मध्यमवयीन गृहस्थ गुच्छ हाती धरून समोर उभा आहे आणि त्याच्या भोवती छोट्या छोट्या चौकटींत घरगुती जीवनाची दृश्ये मांडलेली आहेत. तो त्या सर्व चौकटींच्या मध्यभागी आहे, मात्र त्यांतल्या एकीतही सामावल्यासारखा वाटत नाही. ती फुले सुकणार नाहीत, आणि कोणाला द्यायची हेही ठरलेले दिसत नाही.

गीव्ह पटेल हेही डॉक्टर. त्यांचा दवाखाना मुंबई सेंट्रलला होता. ते कवी आणि नाटककारही होते आणि 2023 मध्ये त्यांचे निधन झाले. 1979 मधल्या त्यांच्या एका चित्रात हातगाडीशी थांबलेले दोन कामकरी आहेत आणि मागे शहर आहे. हे चित्र मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण त्यात दोन माणसे एकमेकांबरोबर आहेत. शहराने दिलेला एवढासा विसावा, गाडीच्या दांड्याला टेकून केलेल्या दोन गोष्टी, हेही त्या एकटेपणाच्या चित्रणाचेच अंग आहे. सोबत कशी दिसते हे ज्याला रंगवता येते, त्यालाच तिची उणीव रंगवता येते.

ही चित्रे पुस्तकात पाहून समाधान मानू नका. पटवर्धन यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन 2019 च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले होते. ते ज्यांनी पाहिले त्यांना माझे म्हणणे पटेल. त्यांच्या मोठ्या चित्रांसमोर उभे राहिल्यावर दालनात शेजारी उभा असलेला अनोळखी प्रेक्षकही चित्रातलाच वाटू लागतो.

*

प्रश्न : माझे वय 71 आहे. यजमानांना जाऊन तीन वर्षे झाली. मुलगी बंगळुरूला असते. मी एकटी राहते आणि दोन वर्षांपासून जलरंग शिकते आहे. मी काढते ती चित्रे अशी : रिकामी गॅलरी, वाळत घातलेली एकच साडी, समोरच्या इमारतीची खिडकी, यजमानांची आरामखुर्ची. मुलगी आली की म्हणते, “आई, किती उदास चित्रे काढतेस, फुले काढ ना.” मला ती उदास वाटत नाहीत. मी थांबावे का?
– कोथरूड, पुणे

उत्तर : मुळीच थांबू नये.

आपण चित्रांचे विषय ज्या क्रमाने लिहिले आहेत, त्यावरूनच मला वाटते की आपली नजर चांगली आहे. ‘एकच साडी’ यातला ‘एकच’ हा शब्द चित्रकाराचा आहे.

आपल्या मराठीत एकांत आणि एकाकीपणा असे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते नीट जपून वापरावेत असे मला नेहमी वाटते. व्हिल्हेल्म हॅमरशॉय हे डॅनिश चित्रकार 1898 ते 1909 या काळात कोपनहेगनमध्ये स्त्रांगॅद नावाच्या रस्त्यावर 30 क्रमांकाच्या घरात राहत होते आणि त्या एका घराच्या खोल्या त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवल्या. उघडी दारे, करड्या भिंती, कधी पाठमोरी उभी असलेली पत्नी इडा. 1900 मधल्या एका चित्रात तर माणूसही नाही आणि सामानही नाही. एक खिडकी आहे, एक बंद दार आहे आणि उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात तरंगणारे धूलिकण आहेत. कोणाला ते चित्र उदास वाटते. मला त्यात दुपारी तीन वाजता घर जसे आपल्याशी बोलते, तसे काही ऐकू येते. आपण ज्याला उदास म्हणत नाही, ते बहुधा हेच असावे.

मुलीच्या बोलण्यामागे काळजी आहे, ती आपण ओळखलीच असेल. तिला चित्रात रिकामी खुर्ची दिसते आणि ती घाबरते, कारण ती खुर्ची तिच्याही वडिलांची आहे. पुढच्या वेळी ती आली की चित्र दाखवण्याआधी तिला त्याच खुर्चीत बसवा आणि तासभर तिचे रेखाटन करा. चेहरा जमला नाही तरी चालेल. मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो : झोप लागेनाशी झाली, जेवण नकोसे झाले किंवा ब्रश हातात घ्यावासाच वाटेना असे काही आठवडे राहिले, तर ते चित्रकलेवर सोपवू नये; मुलीला आणि डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

आता तंत्राविषयी थोडे, कारण आपण विद्यार्थिनी आहात. समोरच्या इमारतीची खिडकी आपण दिवसा काढत असाल, असा माझा तर्क आहे. ती संध्याकाळी सातच्या सुमारास काढून पाहा, जेव्हा आभाळात थोडा उजेड शिल्लक असतो आणि घरांतले दिवे लागलेले असतात. जलरंगात पांढरा कागद हाच आपला दिवा असतो, म्हणून खिडकीची जागा आधी राखून ठेवा आणि तिच्यावर पिवळ्याचा अगदी पातळ हात द्या. तो पूर्ण वाळल्यावरच भोवतीचा निळसर करडा रंग द्या, नाहीतर दोन्ही एकमेकांत उतरून खिडकी विझेल. उजेड वीस मिनिटांत बदलतो, त्यामुळे जागेवर पूर्ण चित्र होणार नाही. ‘मॉर्निंग सन’च्या तयारीच्या रेखाटनावर हॉपर यांनी कोठे कोणती छटा हवी, हे शब्दांत लिहून ठेवले होते. तसे पेन्सिलीने लिहून ठेवा : “पडदा गुळाच्या रंगाचा”, “भिंत ओल्या राखेसारखी”, जे आपल्याला सुचेल ते. चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी करा.

त्या खिडकीत राहणाऱ्यांना आपण ओळखता की नाही, हे पत्रात आलेले नाही. चित्र पुरे झाले की त्याची एक प्रत काढून घ्या आणि लिफ्टने त्यांच्या मजल्यावर जाऊन ती त्यांना द्या. आपली खिडकी समोरून कशी दिसते, हे त्यांनी कधी पाहिलेले नसेल. पुढे काय झाले ते आम्हाला जरूर कळवा. आणि आपण परवानगी दिलीत, तर ते चित्र पुढच्या अंकात या पानावर छापायला मला आवडेल.